गैबी मिस्त्रीची टाच

बूट घातलेल्या माणसाशी गैबी मिस्त्री जमिनीविषयी बोलत नसे. ओव्हरसियर असो की घरमालक, आधी त्याच्या पायांकडे बघायचा आणि मग तोंड फिरवायचा. घरांचे पाये भरण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. नव्या जागेवर चपला काढायच्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात टाच आपटायची. जमीन पक्की असली की मार टाचेतून गुडघ्यापर्यंत चढतो. खाली भराव असला की गुडघ्याला काही कळत नाही. एवढंच त्याचं शास्त्र. नकाशे पसरणारे त्याला बिनडोक वाटत, जागेवर लिंबू कापणारे त्याहून. चौसष्ट साली एका ओव्हरसियरने त्याचं न ऐकता पाया घेतला आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. तेव्हापासून लोक सातबारा पाहून झाला की गैबीला जागेवर न्यायचे. त्याने नकारार्थी मान हलवली की व्यवहार मोडला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कालिंदीबाई त्याला कसबा बावड्याला घेऊन गेल्या. बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. वीस वर्षं दोन खोल्यांत काढून आता स्वतःचं घर बांधायला निघाल्या होत्या. आयुष्यात एकच घर बांधता येणार होतं, हे त्यांना ठाऊक होतं. जागामालक पिराजी उसाच्या बांधावर उभा होता. त्याला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते हवं होतं. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्याने दोनदा सांगितलं.

बाईंनी छत्री मिटली आणि विचारलं, "मिस्त्री, आजवर किती वेळा चुकलात?"

हे गैबीला कधी कुणी विचारलं नव्हतं. "एकदाबी न्हाय."

"तुम्ही नको म्हटलेल्या जागा नंतर कुणी खणून पाहिल्या?"

"कशाला खणतील? मी न्हाय म्हटलं म्हंजे न्हाय."

"मग तुम्ही चुकला नाहीत असं नाही. कुणी तपासलं नाही, एवढंच. एका भिंतीवर चाललंय तुमचं."

पिराजी फिस्सकन हसला. गैबीचे कान तापले. जन्मभर खडू झिजवलेली बाई आपल्याला जमीन शिकवते, हे त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने चपला भिरकावल्या, चार पावलं टाकली, टाच आपटली आणि गुडघा काय म्हणतो याची वाट न बघता बोलून गेला, "भराव हाय. घेऊ नका."

"इथंच खणू या," बाई म्हणाल्या.

पिराजी आनंदाने पळत जाऊन खोपटातून पहार आणि खोरं घेऊन आला आणि स्वतःच खणायला लागला. कमरेएवढी काळी माती निघाली आणि तिच्याखाली पिवळा, घट्ट मुरूम. पहार त्यावर खणकन वाजली.

"मिस्त्री, टाच घरीच ठिवून आलाय जनू," पिराजी म्हणाला.

बाईंनी वही काढली आणि तारीख घालून एक ओळ लिहिली. गैबीला ती वाचता येत नव्हती, पण काय लिहिलंय ते कळायला शाळेत जावं लागत नव्हतं. आणि खरं तर त्याला आणखीही एक कळलं होतं. मघाशी मार गुडघ्यापर्यंत आला होता, चांगला सणसणीत. टाचेने पक्की म्हणून सांगितलं होतं. भराव म्हणाला होता तो त्याचा राग.

बाई पिराजीला हो म्हणणार हे दिसत होतं. गैबीने चपला हातात घेतल्या, पण घातल्या नाहीत. तो उरलेली जागा चालला. ओढ्याकडच्या कोपऱ्यात त्याने टाच आपटली. पुन्हा आपटली. गुडघ्याला काही कळलं नाही.

"बाई, हितं खणा."

"आता का?"

"मघाशी मी टाचंचं ऐकलंच न्हवतं. तुमच्यावर डोसकं फिरलं हुतं."

पिराजीने पहार खांद्यावर टाकली. मिस्त्रीचं वय झालंय, ऊन चढतंय, एकदा तोंडावर पडलेल्या माणसामागे किती खड्डे खणायचे, असं तो बोलत सुटला. बाई ऐकून घेत होत्या, पण बघत होत्या पहारीकडे.

"पहिल्या खड्ड्याला पहार न मागता आणलीत," त्या म्हणाल्या. "आता मागितली तर खांद्यावरून उतरत नाही."

गैबीने ती त्याच्या खांद्यावरून उतरवली. दोन घावांत ती मुठीपर्यंत आत गेली. वर ओढली तेव्हा टोकाला ओली राख होती आणि जास्त भाजलेल्या खंगर विटेचा काळा तुकडा. वीटभट्टीसाठी माती काढलेला खड्डा पिराजीने भट्टीच्याच कचऱ्याने बुजवून वर नांगर फिरवला होता. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

बाईंनी दुसरी ओळ लिहिली आणि छत्री उघडली. आभार मानले नाहीत. गैबीलाही ते नको होते.

दोन वर्षांनी त्यांचं घर दुसरीकडे झालं. पाया गैबीनेच भरला. त्याआधी बाईंनी त्याला चारही कोपरे टाचेने बघायला लावले आणि मग चारही खणायला लावले. तो दिवसभर धुसफुसत होता. पण पुढे कुठल्याही जागेवर जाताना त्याच्या सायकलला पहार बांधलेली असे. बुटांविषयीचं त्याचं मत बदललं नाही, मास्तरणींविषयीचं आणखी वाईट झालं. कधी चुकलात का, असं कुणी विचारलं तर तो चपला काढता काढता म्हणायचा, "एकदा. बाईनं लिवून ठेवलंय, जाऊन बघा."