वाटीभर पीठ

तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. अंगणवाडीत पोरांची वजनं करायची, म्हणून ती अख्ख्या गावाची वजनमावशी. तोंडाने महाफटकळ, पण काट्याच्या झोळीत पोर रडायला लागलं की आधी हिचेच डोळे भरायचे.

त्या साली तिचा जीव एकाच पोरीत अडकला होता. वीटभट्टीवाल्यांच्या धाकट्या सुनेची पोर. दोन वर्षांची, पण अंगावर मूठभर मांस नाही. मावशी तिच्यासाठी पौष्टिक पीठ द्यायची आणि सासू ते सगळ्यांच्या पिठात कालवायची. घर पडलं खटल्याचं. पोरीच्या वाट्याला घास आला तर आला.

मग मावशीने शक्कल लढवली. सुनेला म्हणाली, "उद्यापासून पोरीला इथं आण. माझ्यासमोर भरव." रोज वाटीभर पीठ शिजायचं, पोर मिटक्या मारत खायची. मावशी खूश. महिन्याने वजन केलं, तर आधीपेक्षा कमी. तिला वाटलं, काटाच बिघडला.

"घरी काय खाते गं?"

"घरी नाहीच देत. सासूबाई म्हणतात, तिकडे जेवते ना, मग इथलं दुसऱ्या पोरांना होईल."

घ्या! करायला गेली एक आणि झालं भलतंच. पोरीचं घरचं ताट मावशीनेच काढून घेतलं होतं. स्वतःवरचा राग तिने सुनेवर काढला. "बायकांच्या बैठकीत माझ्या बोलण्याला टाळ्या वाजवतेस, मग घरी का दातखीळ बसते? बोल की!"

सून घरी सासूशी बोलली. दुसऱ्या दिवसापासून तिचं येणंच बंद झालं.

शेवटी मावशी त्यांच्या घरी गेली. सासू वाईट बाई नव्हती, हीच तर पंचाईत. तिने पाणी दिलं, बसायला दिलं. "माझ्या पोरी अशाच वाढल्या. मी स्वतः सगळ्यांच्या मागून जेवते. हिला एकटीला वेगळं कसं वाढू, तुम्हीच सांगा."

पोरीला कडेवर घेऊन सून दाराशी आली. हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगितलंत म्हणून मी बोलले. आता तुम्ही बोला."

मावशीने तोंड उघडलं. जास्त ताणलं तर या घराचं दारही बंद होणार, हे तिला दिसत होतं.

"काय म्हणताय?" सासूने विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "पीठ ठेवून जाते."