कोण कधी गेलं ते यायचंय

"बसा हो. कोण कधी गेलं ते अजून यायचंय."

सिनेमा संपला, की खुर्च्या सरकायच्या आत काकूंचं हे वाक्य यायचं. खऱ्या घटनांवरच्या ब्रिटिश सिनेमांची रीत तुम्हालाही ठाऊक असेल. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत पाटी येते: अमुक पुढे मंत्री झाला, तमुक कैदेत वारला. काकू ती ओठ हलवत, सावकाश वाचायच्या. मगच उठायच्या.

सिंगापुरात, चोआ चू कांगला कुलकर्ण्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही सात-आठ मराठी माणसं रविवारी दुपारी असे सिनेमे बघतो. कधी लंडनची पार्लमेंट, कधी संपावरचे खाणकामगार. काकू माझ्याच ब्लॉकमधल्या, मुलाकडे राहायला आलेल्या. लाडवांचा डबा घेऊन माझ्याबरोबर चालत यायच्या.

गोळीबाराचा प्रसंग आला, की "जरा मागे घ्या हो" म्हणायच्या. आम्हाला वाटलं, नजर अधू झाली असेल. कुलकर्ण्यांनी त्यांची खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात नेऊन ठेवली. तरी मागे घ्यायला सांगणं थांबलं नाही. एकदा आयर्लंडमधल्या गोळीबाराचा सिनेमा होता. कडेला उभ्या एका शिपायाकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, "याला घरी मुली असतील का हो?"

"काकू, तो एक्स्ट्रा आहे."

"हा असेल. तिथे खरा कोणी होताच ना?"

सिनेमानंतर चहा, आणि चहाबरोबर एक फेरा. त्या काळात आपल्या घरी काय झालं, ते प्रत्येकाने पाळीपाळीने सांगायचं. कुलकर्ण्यांच्या आजोबांचा तुरुंगवास सिनेमागणिक वाढत गेला. कोणाच्या आजोबांनी तारा तोडल्या होत्या, कोणाच्या आजीने पत्रकं लपवली होती. इंग्रजांच्या नोकरीत कोणाचंच कोणी नव्हतं. पाळी जवळ आली, की काकू कप गोळा करून ओट्याकडे जायच्या.

गेल्या वर्षी बेचाळीसच्या चळवळीवरचा सिनेमा लावला. मोर्चा, गोऱ्या साहेबाचा हुकूम, आणि बंदुका रोखलेली खाकीतल्या आपल्याच माणसांची रांग. त्या दिवशी काकूंनी मागे घ्यायला सांगितलं नाही. शेवटी पाटी आली: साहेब विलायतेला परतला, म्हातारा होऊन वारला.

चहा झाला. कप तसेच ठेवून काकू बोलल्या.

"माझे वडील अशाच रांगेत होते. आमच्या तालुक्याच्या गावी. गोळी झाडली त्यांनी. समोर पडला तो रोज आमच्याकडे दूध घालायचा. वडील घरी येऊन जेवले नाहीत, एवढंच आई सांगायची. साहेबाची पाटी येते हो. त्यांची कुठे येत नाही. मी बघत असते."

कुलकर्णी घाईघाईने म्हणाले, "तुमचा काय दोष त्यात, काकू?"

"दोष कोण म्हणतंय? वडील होते, एवढंच म्हणते."

कोणीतरी लाडवांची तारीफ केली. पुढच्या रविवारी आम्ही विनोदी सिनेमा लावला. त्याला शेवटी पाटी नव्हती. काकू आल्या, हसल्याही. मग गुडघ्याचं दुखणं वाढलं म्हणून त्यांनी येणं सोडलं. निदान आम्हाला कारण तेच सांगितलं, आणि आम्ही ते बरं वाटून मान्य केलं.

महिन्यापूर्वी काकू गेल्या. मंडाईच्या स्मशानात आम्ही सगळे होतो. त्यांच्या वडिलांचं नाव विचारायचं राहून गेलं, हे मला तिथे उभं असताना सुचलं.

परवा कुलकर्ण्यांनी पुन्हा तोच सिनेमा लावला. गोळीबार आला तेव्हा कोणी न सांगता त्यांनी तो मागे घेतला. आम्ही रांगेतले चेहरे एकेक करून पाहिले. शेवटची पाटी येऊन गेली, पडदा काळा झाला, तरी कोणी उठलं नाही.

चहा आला. कुलकर्ण्यांनी कप हातातच धरून ठेवला.

"आमचे आजोबा कैदी नव्हते," ते म्हणाले. "त्या तुरुंगात पहारेकरी होते."

टीव्हीच्या पुढ्यातली खुर्ची आम्ही हलवलेली नाही. तिच्याकडे बघत कुलकर्ण्यांच्या शेजारी बसलेला बोलू लागला. त्याच्यानंतर पाळी माझी होती.