सावरीच्या मरणाचा निकाल

कुडव्याजवळच्या एका राइस मिलमध्ये वीरेंद्र ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर बसतो. धानाचा ट्रक काट्यावर चढला की काचेमागे लाल आकडे उमटतात, वीरेंद्र पावती फाडून देतो आणि ट्रक पुढे जातो. बारा वर्षं हेच काम. आकड्याशी कोणी हुज्जत घालत नाही आणि वीरेंद्रला तर कोणी काही विचारतच नाही. घरीही तीच तऱ्हा. शेतीचं थोरला भाऊ बघतो, पोरांच्या शाळेचं बायको चंदा बघते. छत्तीस वर्षांच्या या माणसाचा शब्द चालायचा तो एकाच ठिकाणी, गुड्डूच्या मोबाइल दुकानामागच्या खोलीत, मिलच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी.

तिथे चौघं मिळून कागदावरचा एक खेळ खेळत. खेळणाऱ्या प्रत्येकाचं एक पात्र असे, आणि त्याची ताकद, मंत्र, सगळं एका कागदावर लिहिलेलं. गुड्डूचा तलवारवाला, त्याची बहीण डिंपल हिचा चोर, आणि नागझिऱ्याच्या जंगलात गाइड असलेल्या रुचिकाची सावरी नावाची मंत्र जाणणारी बाई. वीरेंद्र गोष्ट सांगायचा, वाटेत राक्षस आणून उभे करायचा, आणि घाव लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशावरून ठरायचं. भांडण झालं तर निकाल वीरेंद्रचा. म्हणून सगळे त्याला पंच म्हणत. तो शब्द कानावर पडला की त्याची मान जराशी ताठ व्हायची.

पण ते नियमांचं पुस्तक! तीनशे इंग्रजी पानं. लिहिणाऱ्या शहाण्याने राक्षसाच्या शेपटीची लांबीसुद्धा दिली होती, आणि दोन माणसं जिथे हमखास भांडणार तिथे मात्र तोंडाला कुलूप. आगीचा गोळा फेकला तर भिंतीआडचा माणूस जळतो का? घोडेस्वारावर झोपेचा मंत्र टाकला तर घोडाही झोपतो का? त्या घोड्यापायी दोन सुट्ट्या वाया गेल्या होत्या. इंटरनेटवर विचारावं तर एक जण हो म्हणे, दुसरा नाही म्हणे, आणि तिसरा त्या दोघांना मूर्ख ठरवी. वीरेंद्र चरफडत घरी जायचा. काय झालं म्हणून चंदाने विचारलं तर घोड्याचं सांगायचीही सोय नव्हती.

यंदा दिवाळीनंतर, ऐन धानाच्या हंगामात, असाच एक दिवस आला. सहा दिवस ट्रकांची रांग हटली नव्हती आणि वीरेंद्रचं डोकं आधीच तापलेलं होतं. खेळात एका गुहेत राक्षसाने सावरीवर गदा उगारली. वीरेंद्रने फासा टाकला. सतरा. घाव लागला. सावरीत जीव थोडाच उरला होता. रुचिका लगेच म्हणाली, ढाल मंत्र. हा मंत्र म्हटला की अंगापुढे न दिसणारी ढाल उभी राहते आणि घाव लागायला जास्त आकडा लागतो. ढाल असती तर सतरा कमी पडले असते. मंत्र हल्ल्याच्या वेळी म्हणावा, एवढंच पुस्तकात होतं. फासा पडायच्या आधी की पडलेला बघून, याबद्दल अवाक्षर नाही.

वीरेंद्र म्हणाला, आधीच म्हणायला हवा होता, फासा बघितल्यावर कोणालाही शहाणपण सुचतं. रुचिका शांतपणे म्हणाली की गेल्या साली खाईतल्या लढाईत गुड्डूने फासा बघूनच ढाल मागितली होती आणि पंचांनी दिली होती. वीरेंद्रने आठवत नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आठवून बघा. गुड्डू मान खाली घालून मोबाइलशी चाळा करत बसला. चारचौघांत ही आपल्याला खोटं पाडते आहे, या विचाराने वीरेंद्रचं पित्त खवळलं. जंगलात दिवसभर लोकांना गप बसा, हात आत घ्या म्हणते, आता इथेही आपल्याला शिकवते.

"पंच कोन हाये?" त्याने विचारलं.

"तुमीच," ती म्हणाली.

"मंग सावरी मेली."

या चौघांची एक रीत होती. पात्र मेलं की त्याचा कागद कचऱ्यात टाकायचा नाही. त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, दुकानामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, सोडायचा आणि वर मूठभर मुरमुरे टाकायचे. गुड्डूचा पहिला गडी मेला तेव्हा डिंपलने थट्टेत सुरू केलेलं हे, पण पुढे कोणी मोडलं नाही. सावरीचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता, तीन वर्षांचा. रुचिकाने तो पाण्यावर ठेवला, भिजून खाली जाईस्तोवर बघत उभी राहिली, आणि कोणाशी न बोलता गाडीला किक मारून निघून गेली.

दोन दिवसांनी वीरेंद्र चार्जर घ्यायला दुकानात गेला, तेव्हा गुड्डूने इकडेतिकडे बघत विषय काढला. "भैया, मेरे टाइम तो आपने दी थी ढाल. पासा देखने के बाद."

तेव्हा का बोलला नाहीस, म्हणून वीरेंद्र त्याच्यावर उखडला. आप गुस्से में थे, एवढंच गुड्डू म्हणाला. वीरेंद्र आधी त्याच्यावर चिडला, मग पुस्तकावर, आणि मग चिडायला दुसरं कोणी उरलं नाही. पुढच्या सुट्टीला रुचिका आली नाही. काम आहे, असा निरोप पाठवला. तिलाही त्या दिवशी सुट्टीच असते हे तिघांनाही माहीत होतं. डिंपलने फासे डब्यात भरून ठेवले आणि रुचिकाशिवाय आपण बसणार नाही म्हणून सांगितलं.

निकाल फिरवायचा तर कागदच नव्हता. मग धर्मकाट्याच्या खोलीत, एक ट्रक उतरून दुसरा चढेपर्यंतच्या वेळात, वीरेंद्रने रद्द झालेल्या पावत्यांच्या पाठीवर सावरी आठवायला घेतली. ताकद नऊ, अक्कल सतरा. अकरा मंत्र. डावा पाय लंगडा, पहिल्याच लढाईपासून. पाण्याची भीती. आईच्या बांगडीच्या बदल्यात घेतलेली काठी. तीन दिवसांत सगळं जुळलं. एका कोऱ्या कागदावर उतरवून तो सुट्टीच्या आदल्या दिवशी अर्धी रजा टाकून नागझिऱ्याच्या गेटवर गेला.

रुचिका पर्यटकांची जिप्सी सोडून नुकतीच उतरली होती. त्याने कागद पुढे केला आणि वाटेत घोकलेलं सांगायला लागला. पुस्तकात स्पष्ट नाही, पण गुड्डूला दिली तर तिलाही द्यायला हवी होती, म्हणून सावरी जिवंत आहे. तिने मध्ये बोलू नये म्हणून तो भराभर बोलत होता. ती कागद वाचत होती. एक बाजू झाली, तिने उलटून दुसरी वाचली.

"भाऊ, तुमाले तिचं सारं पाठ हाये," ती म्हणाली. "मंग खाईतली लढाईच तेवढी काऊन भुलले?"

गेटवर दोन गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर ऐकत होते. वीरेंद्रला सांगता आलं असतं की हंगाम होता, डोकं ठिकाणावर नव्हतं.

"भुललो नव्हतो," तो म्हणाला. "तू बोलली तवाच आठवली होती."

रुचिकाने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग कागदाची घडी करून वर्दीच्या खिशात घातली आणि दुसऱ्या गाडीतल्या लोकांना तिकिटं दाखवायला सांगत पुढे गेली.