गेल्या शनिवारी आपण कुठे खेळलो?

लॉरी ट्रेगेंझा सगळ्यांना ‘गड्या’ म्हणायचा. खेळाडूंना, गवत कापणाऱ्याला, क्लबच्या अध्यक्षालासुद्धा. मेलबर्नच्या पश्चिमेकडे निम्मे पुरुष असेच बोलतात, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दीड वर्षापासून त्याला माणसांची नावं आठवेनाशी झाली होती, ही गोष्ट या एका शब्दाच्या आड बेमालूम लपून राहिली.

याच क्लबकडून तो तरुणपणी ऑस्ट्रेलियन फुटबॉल, तो हातांनी झेलायचा आणि धडका मारायचा खेळ, खेळला होता. गोलाच्या खांबांपुढे उभं राहायचं आणि अंगावर येईल त्याला अडवायचं, हे त्याचं काम. त्या काळी डोक्याला मार लागला की नाकाखाली उग्र वासाची बाटली धरत, तोंडावर ओला स्पंज मारत आणि परत आत ढकलत. असं किती वेळा झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. खेळ सुटल्यावर क्लबने त्याला खेळाडूंकडून शरीर कमावून घेणाऱ्या मंडळींत ठेवून घेतलं. त्याच्याकडे जायबंदी पोरं असत. आत सगळा संघ चेंडू घेऊन सराव करायचा आणि ही पाचसहा पोरं सीमारेषेच्या बाहेरून नुसती गोल धावायची, तोंडं पाडून. त्यांच्या टोळीला सगळे ‘दवाखाना’ म्हणत. लॉरी त्यांच्याबरोबर गुडघे कुरकुरत धावायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा.

“काय रे, मांडी दुखतेय की मन?”

“दोन्ही, लॉरी.”

“मग निम्मंच रड. चल, पळ.”

ल्यूक पेरिच या दवाखान्यात दोन हिवाळे होता. सेंट ऑल्बन्स उपनगरातला क्रोएशियन पोरगा, उंच, हाडकुळा, एका गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेला. बाकीचे बरे होऊन आत गेले, नवे आले, तेही गेले, ल्यूक आणि लॉरी तेवढे बाहेर फिरत राहिले. ज्या दिवशी ल्यूक रेषा ओलांडून आत गेला त्या दिवशी लॉरी बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तो बराच वेळ वाकूनच राहिला.

घरी बायको ग्लेंडापासून मात्र काही लपत नव्हतं.

“लॉरी, फ्रिजमध्ये दुधाच्या तीन बाटल्या आहेत. आज तू चौथी आणलीस.”

“दूध चांगलं असतं हाडांना.”

“डॉक्टरांकडे जायचंय आपल्याला.”

“हा हंगाम संपू दे.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास.”

“असेल. मला आठवत नाही,” असं म्हणून तो हसला. ग्लेंडा हसली नाही.

त्याला सगळं कळत होतं. त्याचा जुना कप्तान वृद्धाश्रमात मांडीवर चेंडू घेऊन बसायचा आणि भेटायला आलेल्याला ‘सामना कितीला सुरू होतो’ म्हणून विचारायचा. लॉरी एकदाच तिथे गेला होता. डॉक्टरांच्या कागदावर काही आलं की क्लब पाठीवर थाप मारील, निरोपाचं जेवण देईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जायला जागा उरणार नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने युक्त्या शोधल्या. कुणी काही विचारलं की आधी थट्टा करायची. आणि शेजारी थुईला उभं करायचं.

थुई फुटस्क्रेची. तिच्या आईबापांचं तिथे व्हिएतनामी पावाचं दुकान होतं. खेळाडूंच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये बसवलेल्या यंत्रांवरून कोण किती धावला, कोण थकला, हे ती पडद्यावर बघायची. सामन्यात कुणाला बाकावर बोलवायचं, कुणाला आत सोडायचं याचा फलकही तिच्याच हातात असायचा. लॉरी तिला विचारायचा, “काय गं, तो लाल केसांचा आज ढिला दिसतोय ना?” ती नाव घेऊन सांगायची. मग तो नाव घेऊन ओरडायचा. असं चाललं होतं.

फेब्रुवारीत क्लबच्याच दोन संघांचा आपसांत सराव सामना होता. ऊन असं की माश्याही सावलीला बसल्या होत्या. क्लबची डॉक्टर हेलन आत कुणाच्या तरी फुटलेल्या भुवईला टाके घालत होती. तेवढ्यात एक उंच चेंडू आला. वर बघत उलटं पळत जायचं, मागून कोण येतंय ते बघायचं नाही, आणि उडी मारून झेलायचं. या खेळात याला छाती म्हणतात, आणि मागे वळून बघणाऱ्याचं नाव कायमचं खराब होतं. ल्यूक वळला नाही. मागून धावत आलेल्याचा गुडघा त्याच्या कानामागे बसला. तो पडला, पण आपला आपण उठला आणि चालत बाकावर आला.

नियम स्पष्ट होता. डोक्याला लागलं की डॉक्टरने बघायचं, दुसऱ्या कुणी नाही. थुई म्हणाली, “हेलनला बोलावते.”

“थांबव तिला लॉरी, प्लीज,” ल्यूक म्हणाला. “आत गेलो तर ती मला बसवून ठेवील. हंगामाच्या पहिल्या सामन्याचा संघ आज ठरतोय. दोन वर्षं झाली, तुला माहीत आहे.”

लॉरीला माहीत होतं. ती दोन वर्षं त्याला लख्ख आठवत होती.

“आधी प्रश्न,” तो थुईला हाताने अडवत म्हणाला.

डोक्याला लागल्यावर विचारायचे ते पाच प्रश्न क्लबमध्ये सगळ्यांना पाठ होते. बिअर पिताना एखादा जास्त झुलायला लागला की पोरं एकमेकांना तेच विचारत. थुई फलक घेऊन रेषेशी उभी होती, पाठमोरी.

“मैदान कोणतं?”

“आपलंच.”

“कितवा क्वार्टर?”

“तिसरा.”

“शेवटचा गोल कुणी मारला?”

“डॅनीने. डाव्या पायाने. नशिबाने.”

“गेल्या शनिवारी आपण कुठे खेळलो?”

“बेंडिगोला.”

बेंडिगो. लॉरीच्या डोळ्यांपुढे ते मैदान उभं राहिलं, पत्र्याचं छप्पर, कुंपणाबाहेरचे निलगिरी, खिमा भरलेली करपलेल्या पापुद्र्याची पेस्ट्री. बरोबर, बेंडिगोच.

“जिंकलो का?”

“दणकून.”

“जा गड्या,” लॉरीने त्याच्या पाठीवर थाप मारली. “थुई, सोड याला.”

“हेलनने बघितलं?”

“मी विचारलं सगळं. ठीक आहे पोरगा.”

थुईने फलक वर केला.

काही मिनिटांनी एकाचा खांदा ल्यूकच्या खांद्याला नुसता घासून गेला. इतका हलका की पंचाने शिट्टीही वाजवली नाही. ल्यूक उभ्याचा आडवा झाला आणि त्याचे हात छातीपुढे ताठ उचललेले तसेच राहिले. रुग्णवाहिका गवतावर आली तेव्हा चाकांचे माग उठले. गवत कापणाऱ्याने ते कित्येक दिवस तसेच ठेवले.

त्या संध्याकाळी लॉरी जेवायला बसला, पण घास उतरेना. ग्लेंडाने ताटलीत चीज कापून ठेवलं.

“थोडं तरी खा. तूच आणलंयस.”

“मी? कुठून?”

“वॉरगुलहून. गेल्या शनिवारी सराव सामन्याला गेला होतास ना? तिथल्या डेअरीतून.”

लॉरीने सुरी खाली ठेवली. बेंडिगो मागच्या वर्षीचं होतं. पोराने चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि विचारणाऱ्यालाही तेच बरोबर वाटलं होतं.

ल्यूकच्या मेंदूत रक्त साकळलं होतं. कवटी उघडून ते काढावं लागलं. जीव वाचला. उजेड सोसेना, शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागे, आणि खेळ संपला होता. लॉरी त्याला भेटायला सेंट ऑल्बन्सला गेला तेव्हा खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. ल्यूकच्या आईने, झ्देंकाने, लॉरीचे दोन्ही हात धरले.

“मिस्टर लॉरी, तुम्ही त्याला विचारलंत तरी. बाकी कुणी विचारलंही नाही. माझा ल्यूक नेहमी म्हणतो, लॉरी माझा दुसरा बाप.” आणि तिने सफरचंदाच्या पोळीचा मोठा तुकडा त्याच्या हातात दिला. तो त्याला टाकता येईना, खाता येईना.

अंधारातून ल्यूक म्हणाला, “लॉरी... मी सगळी... बरोबर सांगितली होती ना?”

“हो गड्या,” लॉरी म्हणाला. “सगळी.”

क्लबात चौकशी सुरू झाली. फुटबॉल विभागाचा प्रमुख ग्रँट व्हिटफर्ड याने पहिल्याच दिवशी लॉरीला विचारलं होतं, आणि लॉरी ‘गडबडीत झालं सगळं, गड्या’ एवढंच बोलला होता. ते एक वाक्य पुढे थुईवर ठपका ठेवायला कामाला आलं. फलक कुणी वर केला, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. जेवणाच्या खोलीत थुई आली की टेबलावरचं बोलणं थांबायचं. एकाने तिला ऐकू जाईल असं म्हटलं, “पडद्यावर बघणाऱ्यांना माणूस दिसत नाही.” थुई लॉरीला एकदा फक्त म्हणाली, “तू सांगशील ना त्यांना, काय झालं ते?”

“सांगतो,” तो म्हणाला. आणि सांगितलं नाही. दर सकाळी मैदानाचं फाटक समोर आलं की त्याचं धैर्य गळायचं.

एवढं मात्र तो करायचा. गाडी चालवताना, दाढी करताना मनातल्या मनात म्हणायचा, वॉरगुल, वॉरगुल. रोझरीचे मणी ओढावेत तसं. हे नाव आता पुन्हा विसरायचं नाही.

चौकशीच्या बैठकीआधीच्या शनिवारी संघ शेपर्टनला गेला. लॉरीही बसमधून गेला, पाण्याच्या बाटल्या वाटल्या. थुईला बाकावर बसू दिलं नव्हतं. ती दिवसभर उन्हात पलीकडच्या कुंपणाशी उभी राहिली आणि तिचं नाक भाजून लाल झालं.

सोमवारी व्हिटफर्डच्या खोलीत चौघं बसले. व्हिटफर्ड, डॉक्टर हेलन, थुई आणि लॉरी. थुईच्या नाकाची सालं निघत होती. व्हिटफर्ड माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त हे प्रकरण मिटवायचं होतं.

“थुई, कुणी तुला खलनायक ठरवत नाहीये,” तो म्हणाला. “पण फलक तुझ्या हातात होता. हेलनने बघितल्याशिवाय तो वर जायला नको होता. तेव्हा आपण सगळ्यांनी सामोपचाराने...”

“मी पाठवला त्याला,” लॉरी म्हणाला.

“लॉरी.”

“थुई डॉक्टरला बोलावत होती. मी अडवलं. मी प्रश्न विचारले, त्याने चुकीचं उत्तर दिलं, आणि मला कळलं नाही.”

व्हिटफर्डने मायेने मान हलवली. “लॉरी, तू असाच आहेस. तीस वर्षं पोरांच्या चुका अंगावर घेत आलायस. मागे त्या दारूच्या भानगडीतही घेतली होतीस. पण ही गोष्ट वेगळी आहे गड्या.”

“अंगावर घेत नाहीये. मला लक्षात राहत नाही काही.”

“मला तरी कुठे राहतं! माझ्या बायकोला विचार.”

थुई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. लॉरीच्या लक्षात आलं की खरं बोलूनही कुणाला ते खरं वाटणार नाही. जन्मभर चांगला माणूस म्हणून मिळवलेलं नाव आज या पोरीच्या मुळावर येत होतं.

“विचारा मला,” तो म्हणाला. “ते पाच प्रश्न. हेलन, तू विचार.”

“काहीतरीच काय, लॉरी!” व्हिटफर्ड म्हणाला.

पण हेलनने मान वर केली होती आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती, खेळाडूकडे बघावं तशी.

“मैदान कोणतं?” तिने विचारलं.

“आपलं.”

“सकाळ आहे की दुपार?”

“सकाळ. चहा नाही झाला अजून.”

व्हिटफर्ड हसला. लॉरीला उत्तरं येत होती. दीड वर्ष तो हेच मागत होता, की विचारलं की उत्तर यावं. आज पहिल्यांदाच ते येऊ नये असं त्याला वाटत होतं.

“आत्ता शेवटी कोण बोललं?”

“तू.”

“गेल्या शनिवारी आपण कुठे खेळलो?”

“वॉरगुल,” लॉरी म्हणाला. क्षणही लागला नाही. जिभेवरच होतं ते, इतके दिवस घोटलेलं. आणि ते तोंडातून बाहेर पडताच त्याचे खांदे गळाले. संपलं. पास झालो. आता कुणीही विश्वास ठेवणार नाही. तो थुईकडे वळला.

“माफ कर गं पोरी. आज नेमकं आठवलं बघ.”

थुईने शेपर्टनच्या उन्हात सोललेल्या नाकासकट चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला. व्हिटफर्डचं हसू जिथल्या तिथे राहिलं होतं, ते कसं आवरावं हे त्याला समजत नव्हतं. हेलनने पेनाला टोपण लावलं, सावकाश.

लॉरी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

“अजून एक राहिला ना?” तो म्हणाला. “जिंकलो का, तो?”

तो कुणी विचारला नाही.