म्हशीच्या आधीची पाच मिनिटं

माझ्या सख्ख्या भाचीनं, गौरीनं, मला फसवलं. तीस वर्षं तीर्थपुरीच्या बाजारात भांडी विकणाऱ्या, गिऱ्हाइकाच्या नजरेवरून भाव ओळखणाऱ्या मला!

गौरी कॉलेजात सिनेमा बनवायला शिकते. आजकालच्या जगण्यावर तिला काहीतरी करायचं होतं आणि त्यासाठी माझं दुकान हवं होतं. मी अट घातली, सिनेमात माझी कहाणी पाहिजे. सायकलला पातेली बांधून घनसावंगीपर्यंत कसा फिरलो, तिथपासून. माझ्या सासऱ्यांनी ती आजवर पूर्ण ऐकलेली नाही. सायकल पंक्चर झाली की ते पाणी प्यायला उठतात. (पंक्चर दुसऱ्याच वाक्यात आहे.) मी दहा मिनिटं मागितली, गौरी दोनवर अडली. अर्धा तास घासाघीस करून पाचवर सौदा ठरला. कॅमेऱ्यासमोर मी जीव ओतून बोललो. शेवटी डोळेही पुसले.

सिनेमा तयार झाल्यावर सासऱ्यांना आणि दोन्ही मेव्हण्यांना जेवायला बोलावून टीव्हीसमोर बसवलं. पाण्याचा तांब्या आधीच सासऱ्यांच्या हाताशी ठेवला.

सुरुवातीला जीपमागे लोंबकळणारे पाय. मग मोबाईलच्या उजेडात निळे पडलेले चेहरे. मग टीव्हीभर माझं तोंड. नुसतं तोंड. सावकाश उघडतंय, मिटतंय, मधूनच जेसीबीचा जबडा माती उचलतोय, पुन्हा माझं तोंड. आवाज नाही! रिमोट दाबून दाबून मी थकलो. शेवटी एक म्हैस आली, माझ्याच लयीत रवंथ करत.

"गौरे, आवाज कुठंय?"

"मामा, ह्या सिनेमात कुणीच बोलत न्हाई."

"अन् माझी कहाणी?"

"पाच मिनिटं बराबर दिली की. आवाजाचं तुमी ठरवलंच न्हाई."

बायको पदरात तोंड लपवून हसत होती. सासऱ्यांनी मात्र तांब्याला हातही लावला नव्हता.

"जावईबापू, पुन्हा लावा," ते म्हणाले. "तुमाला इतकं शांत पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

पुन्हा लावला.

मग गौरीनं तो गावोगावच्या मोबाईलवर पाठवला. परवा वाटूरच्या फाट्यावर एका अनोळखी बाईंनी विचारलं, सिनेमातले म्हशीच्या आधीचे ते तुम्हीच ना? मी हो म्हणालो. भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

पण याचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा. मिनिटं मोजून घेतली आणि सौद्यात आवाज धरायला विसरला, तो शहाणा कोण? आज सकाळी आरशासमोर उभं राहून त्याला खडसावून विचारलं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.