अंगठा ठेवायचा नाही

“अंगठा नको. अंगठ्याची स्वतःची नाडी असते. लागतं आपलंच हृदय आणि वाटतं समोरच्याचं.”

शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या तासाला सर हे सांगत, आणि शेवटच्या तासालाही. उल्हासनगरच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलो, तेव्हा त्यांनी आधी माझं मनगट धरलं, नाव मग विचारलं. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल, हात मिळवायला जावं तर तपासूनच सोडणारं. कॅम्प पाचच्या बाजारातला कापडवाला शेठ वैतागून म्हणायचा, “सर, पहले माल देखो, नाडी बाद में.”

त्यांचं संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरायचं. हातापायांचा स्नायू थकतो, मग हृदयाचा का थकत नाही? वांगणीचा एक शेतकरी पोत्यातून बेडूक आणून द्यायचा. बेडकाचं हृदय बाहेर काढलं तरी बराच वेळ ठोके देत राहतं. सर त्याला दोरा बांधून काजळी धरलेल्या कागदावर त्याची रेघ उमटवत बसायचे. ते हृदय थांबेपर्यंत जागचे हलत नसत. मला त्याचं हसू यायचं.

मग एकदा अंबरनाथला त्यांच्या घरी जेवायला गेलो. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येईपर्यंत वहिनींना दम लागला. लहानपणीच्या तापाने त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. सर इतकी वर्षं कोणासाठी खपत होते ते तेव्हा कळलं. भाजी वाढताना वहिनी म्हणाल्या, “यांना बेडकांचं सगळं कळतं हो. माझं विचारलं की गप्प.” सर भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

वहिनी गेल्या त्या सकाळी मी तिथेच होतो. डॉक्टर सांगून गेले, शेजारीपाजारी जमले, बाहेर तयारीही झाली. सर मनगट सोडेनात.

“थांबा. चालू आहे अजून.”

अगदी वर्गातला शांत आवाज. क्षणभर मलाही खरं वाटलं. मग मी वाकून पाहिलं. वहिनींच्या मनगटावर सरांचा अंगठा होता. आजही वर्गात नाडी शिकवताना तो अंगठा डोळ्यांपुढे येतो.

निवृत्तीनंतर सर बदलापूरला एकटे राहायचे. शेजारी वहिनींची रिकामी खुर्ची असायची आणि बोलताना त्यांचा अंगठा त्या खुर्चीच्या हातावर टेकलेला असायचा. एकदा चहा पिता पिता स्वतःहून म्हणाले, “अंगठा होता, ते मला माहीत होतं.” आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.

सर गेल्याचं कळलं तसा मी धावत बदलापूरला गेलो. त्यांचं मनगट हातात घेतलं, शिकवल्याप्रमाणे तीन बोटं ठेवली. काही लागलं नाही.

मग अंगठा ठेवला. चालू होतं.