वेणूबाईंचे कच्चे टोमॅटो

वेणूबाईंना टोमॅटो कधी कमी पडला नाही, कमी पडला तो धड टोमॅटो. नवरा, आप्पा, भाजी मार्केटात माथाडी. मार्केट मुंबईत होतं तेव्हाही आणि तुर्भ्याला आल्यावरही, आप्पांच्या पिशवीतून घरी यायचा तो पेटीच्या तळाशी दबलेला, फुटलेला माल. आधी सडकं कापून टाकायचं, मग उरेल त्याचं सार करायचं. वर्षानुवर्षं हेच.

म्हणून कोपरखैरण्याच्या बैठ्या घरापुढं हातभर माती मिळाली तेव्हा बाईंनी तुळशीशेजारी टोमॅटो लावला. झाडावरच लालबुंद झालेला एक टोमॅटो आपल्या हातानं तोडायचा आणि मीठ लावून उभ्याउभ्या खायचा, एवढीच इच्छा. आप्पांना बजावलं होतं, "पिकल्याबिगर हात लावायचा न्हाई."

टोमॅटो धरले, फुगले. अजून नुसते हिरवेगार होते, तोच बाई ऐरोलीला भाचीच्या घरी बारशाला गेल्या. परत येऊन बघतात तर झाडं रिकामी आणि ओट्यावर गवत घातलेली लाकडी पेटी. शेजारी आप्पा, खुशीत.

"आवं, ह्ये काय केलंसा?"

"तोडा केला. माल फुगलाय न्हवं? मार्केटात समदा असाच येतो. पेटीत पिकतोय आपसूक."

"झाडावर पिकू द्या म्हनलं हुतं मी!"

"झाडावर पिकल्यालं कोन तोडतं, येडे? तुर्भ्याला येस्तवर रस व्हईल त्याचा."

"तुर्भ्याला न्हेत कोन हुतं!"

आप्पांनी डोकं खाजवलं. जन्म पेट्या उचलण्यात गेलेला. टोमॅटो दारातून स्वयंपाकघरात नुसता हातानंही आणता येतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

माल इतका कोवळा होता की पेटीतही पिकला नाही. सुरकुतायला लागला. बाई रोज गवत उचलून बघायच्या आणि रोज संतापायच्या. शेवटी सून सुनयना म्हणाली, "आत्या, टेन्शन घेऊ नका. आपण सॉस करू."

"कर बाई. न्हाईतरी ह्या घरात समद्याचं वाटनच व्हायचं."

पण सुनेला जमेना, तेव्हा त्यांनीच पदर खोचला. फोडी तेलात काळे डाग पडेपर्यंत भाजल्या. लसूण, हिरव्या मिरच्या आणि जिरं घालून मिक्सरमधून काढलं, वर गूळ-मीठ टाकून दाटसर आटवलं. कढईत उलथनं असं आपटत होत्या की शेजारीण डोकावून गेली. वैताग असा की सॉस झक्कास झाला. त्याचाही त्यांना रागच आला.

आप्पांनी ताट चाटून पुसून साफ केलं. उरलेला बाटलीत भरून मार्केटात नेला. टोळीतल्या मुकादमानं बोटं चाटली म्हणे. आता घरात येईल त्याला आप्पा सॉसचं कौतुक ऐकवायचे, आणि बाई उठून मोरीत भांडी घासायला बसायच्या.

पाणी घालताना एके दिवशी भिंतीकडच्या पाल्यात त्यांना एक टोमॅटो दिसला. आप्पांच्या नजरेतून सुटलेला. बाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि पानं पुन्हा त्यावर ओढली. सुनेलाही सांगितलं नाही. रोज सकाळी जाऊन बघायच्या. आधी पिवळसर झाला, मग खालून लाली चढली. अजून थोडं ऊन लागायला हवं होतं. बाईंनी वाटीत मीठसुद्धा काढून ठेवलं.

दुपारी आप्पा अंगणातूनच हाका मारत आत आले. "अगं, पाल्याआड एक ऱ्हायलाच हुता की! धर, तुझ्या सॉसला."

त्यांच्या तळव्यावर तो होता. देठाकडून हिरवा, खालून नुकताच लाल.

वेणूबाईंनी हात पुढं केला. टोमॅटो घेतला, मिठाची वाटी घेतली आणि दारात उभं राहून तो सगळा खाल्ला. कुणाला फोडही दिली नाही. आंबट होता.

"अगं, कच्चाच खाल्लास व्हय?" आप्पांनी विचारलं.

"व्हय," बाई म्हणाल्या, "पिकस्तवर तुमी ऱ्हाऊ देताय व्हय?"